पन्हाळा ते पावनखिंड, दोन दिवस चिखलात: आयोजक कसे होते आणि माझं काय झालं

५ पैकी ४ स्टार. एक स्टार संडाससाठी कापलाय, त्यावर खाली येतोच.

जुलै आला की कोल्हापूरकडचे बरेच ग्रुप ही मोहीम काढतात. त्यातल्याच एका छोट्या ग्रुपबरोबर यंदा मी गेलो, नाव टाकत नाही कारण तक्रार पण करायचीय आणि माणसं चांगली आहेत. पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस, एक मुक्काम, जेवण, सॅक न्यायला टेम्पो आणि परत कोल्हापूरपर्यंत गाडी, सगळं मिळून १४०० रुपये घेतले. पैसे वसूल आहेत, त्यात वादच नाही.

सकाळी गडावर पोहे-चहा झाला, बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हार घातला आणि राजदिंडी नावाच्या वाटेनं गडाखाली उतरलो. उतरायच्या आधी ग्रुपमधल्या एका सरांनी १६६० ची गोष्ट सांगितली, सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद, आषाढातली ती पौर्णिमेची रात्र. गोष्ट लहानपणापासून पाठ आहे हो, पण त्याच वाटेवर पावसात उभं राहून ऐकताना वेगळंच वाटतं, कारण लगेच डोक्यात येतं की ती माणसं रात्रीची, पालखी खांद्यावर घेऊन, पळत गेली आणि आपल्याला तर सॅकसुद्धा टेम्पोत टाकायचीय.

आता मुद्द्याचं. या लोकांची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे त्यांचा नियम, पुढं झेंडेवाला, मागं शेवटचा माणूस, झेंडेवाल्याच्या पुढं कुणी जायचं नाही आणि शेवटच्याच्या मागं कुणी राहायचं नाही. प्रत्येक वाडीला थांबून डोकी मोजायची, आकडा जुळल्याशिवाय हलायचं नाही. मला आधी वैताग आला, कारण मी ऑफिसात काय आणि सोसायटीच्या मॅरेथॉनमध्ये काय, कायम पुढं असणारा माणूस, आणि म्हाळुंग्याची चढण संपेपर्यंत मी झेंडेवाल्याच्या टाचेवर पाय देत चाललो होतो, त्यानं दोनदा मागं वळून बघितलं पण बोलला काही नाही.

मग मसाई पठार लागलं. हे सपाट आहे म्हणून सोपं वाटतं, पण धुक्यात सपाट जागेवरच माणूस हरवतो, चढ नाही उतार नाही, कळणार कसं कुठं चाललोय ते. दहा फुटांवरचा झेंडा दिसेना. तेव्हा कुठं तो नियम कशासाठी आहे ते डोक्यात शिरलं. आणि पठार उतरता उतरता माझ्या नव्या बुटांनी दगा दिला. दुकानदारानं 'वॉटरप्रूफ आहेत सर' म्हणून गळ्यात मारले होते, पाणी आत जायला अजिबात अडचण नव्हती, बाहेर यायला मात्र होती. दोन्ही टाचांना फोड. दुपारपर्यंत मी झेंड्यावरून घसरत घसरत थेट शेवटच्या माणसाजवळ.

हा शेवटचा माणूस म्हणजे साठीच्या आसपासचे एक काका, पायात साधे कॅनव्हासचे बूट, हातात काठी. मी सॉरी सॉरी करत होतो तर म्हणाले, "असू दे की ओ, मला कुठं गाडी धरायचीय." माझ्या टाचेला व्हॅसलीन चोपडलं, लेस सोडून वेगळ्या पद्धतीनं बांधली, आणि चालायला लागले, माझ्या पुढं नाही, बाजूनं. मी थांबलो की ते थांबायचे, पण माझ्यासाठी थांबलेत असं दाखवायचे नाहीत, कुठल्यातरी झाडाकडं बघत बसायचे. पंधरा वर्षं टीम सांभाळतोय मी, हे मला जमलेलं नाही, मी थांबतो तेव्हा घड्याळात बघतो.

मुक्काम एका वाडीतल्या शाळेत. गरम आमटी-भात, भाकरी, खर्डा, पाहिजे तेवढं. जेवणाला १० पैकी ११.

दुसऱ्या दिवशी ओले मोजे पुन्हा चढवणे हा आयुष्यातला एक अत्यंत वाईट क्षण आहे. (कोरडा जोड फक्त झोपायला ठेवायचा, सकाळी मोह आवरायचा, नाहीतर रात्रीपर्यंत दोन्ही ओले.) जंगलात जळवा, खाली लालभडक चिखल, आणि मध्येच उघड्यावर भाताची लावणी चाललेली. काका प्रत्येकाला ओरडून सांगत होते, बांधावरनं चाला, रोपात पाय नको. लावणीतल्या एक मावशी आमच्याकडं बघून म्हणाल्या, "पैसं दिऊन चिखलातनं चालतायसा व्हय?" काय उत्तर देणार. हसलो.

पावनखिंडीत आम्ही दोघं सगळ्यांच्या नंतर पोचलो. बाकीच्यांचे फोटो, घोषणा उरकून ते वर चहाला गेले होते. लोखंडी शिडीवरून खाली उतरलो तर तिथं कुणीच नाही, नुसता पाण्याचा आवाज. काका म्हणाले, "मला दरवर्षी अशीच बघायला मिळती." पाच मिनिटं बसलो. त्यांनी वाकून पाण्याला हात लावला, डोळ्याला लावला, मग मला म्हणाले चला, डोकी मोजायची राहिल्यात.

आता तक्रार. मुक्कामाला ७० जणांत दोन संडास, त्यातल्या एकाची कडी तुटकी. बायकांना कपडे बदलायला एकच खोली आणि तिथला बल्ब गेलेला. गेल्या वर्षी पण हेच होतं म्हणे. १०० रुपये जास्त घ्या पण हे सुधारा, माझ्या बायकोला पुढच्या वर्षी यायचंय आणि मी तिला अजून हे सांगितलेलं नाही.

विशाळगड या पॅकेजमध्ये नाही, तो धरून कुणी जाऊ नका.

आणि नवे बूट घालून तर अजिबात जाऊ नका, महिनाभर वापरलेले घाला. पायाची नखं कापून जा. माझी दोन गेली.