बीएमआय की कंबरेचा घेर?

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, 22 म्हणजे उत्तम, पण पॅन्टचे बटण लागत नाही. मग विश्वास कशावर ठेवावा, असा प्रश्न मामेभावाने विचारला. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय काढायला सोपा आहे आणि कोणीही मोजला तरी फारसा बदलत नाही. मात्र ते वजन चरबीचे की स्नायूंचे, हे त्याला कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय 22.3 होता, परंतु 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदीनुसार शरीरातील चरबी अनुक्रमे 21.2 आणि 9.1 टक्के होती.

घेराला शिंप्याची टेप पुरते आणि पोटाची चरबी त्यात लपत नाही. अडचण मोजण्याची आहे, कारण टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर धरावी लागते, आणि पोट आत ओढण्याचा मोह मलाही आवरत नाही. भारतीय पुरुषांसाठी 90, तर स्त्रियांसाठी 80 सेंटीमीटर ही मर्यादा मानतात.

मोठ्या लोकसमूहाच्या पाहणीला बीएमआय पुरेसा आहे. हातपाय काटकुळे पण पोट सुटलेले असणाऱ्यांनी, विशेषतः घरात मधुमेह असल्यास, आणि कसलेल्या पैलवानांनीही घेरच पाहावा.