झरोके बुजवायचेही पैसे आम्हीच दिले

आमची शाळा अकोल्यात. संस्था छोटी, मी तिचा सचिव. कोटेशनवर सही माझीच, म्हणून हे मीच लिहितोय.

मार्चपासून सकाळची शाळा भरवली तरी दहानंतर वरच्या मजल्यावर बसवत नाही. म्हणून वर्गणी काढून आठ वर्गांना डक्टिंगचा (नळातून वर्गावर्गात हवा नेणारा) कूलर, एक्झॉस्ट पंखे आणि संगणक कक्षात दोन एसी असं काम काढलं. सगळ्यांत कमी कोटेशन ८ लाख ६० हजारांचं. माणूस गोडबोल्या. 'सर, शाळेचं काम आहे, यात मी नफा घेत नाही.' (तिथंच उठायला हवं होतं.) ७० टक्के रक्कम आगाऊ दिली.

पहिल्या दिवशी गार झुळूक आली, आम्ही पेढेसुद्धा वाटले. आठवड्याभरात मुलं घामानं चिकट, वह्यांची पानं दमट. फोन केला तर म्हणे, 'खिडक्या बंद ठेवा सर, गारवा बाहेर जातो.' एसीला हे लागू आहे, कूलरला साफ उलटं. कूलरची हवा पाणी उडून गार होते, म्हणजे ओलीच असते. ती खोलीत कोंडली की घाम वाळत नाही. आत येईल तितकी हवा बाहेर जायला वाट लागते. एक्झॉस्ट पंखे कोटेशनमध्ये होते, बिलात होते, भिंतीत नव्हते. वर त्याच्या माणसांनी जुने झरोके प्लाय ठोकून बुजवलेले, आणि त्याचे 'सीलिंग' म्हणून १८ हजार वेगळे लावलेले!

एक पालक इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. ते वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र घेऊन आले. वर्गात हवा सोडणारी जाळी २ चौरस फुटांची, वेग मिनिटाला ४०० फूट, म्हणजे मिनिटाला ८०० घनफूट हवा. कोटेशनमध्ये दर वर्गाला २,५०० लिहिलेली.

मग एसीकडे नजर गेली. बाहेरच्या युनिटच्या स्क्रूंच्या खाचांत पांढरा रंग भरलेला, म्हणजे जुनंच यंत्र वरून रंगवलेलं. 'आर-३२' असा चकचकीत स्टिकर होता, त्याचा कोपरा नखानं उचलला तर खाली जुनी पट्टी, 'आर-२२'. हे गॅस एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आर-३२चा दाब बराच जास्त, शिवाय तो पेट घेऊ शकतो. आत कोणता भरला होता देव जाणे; दोन्ही एसी त्याच दिवशी बंद केले.

बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला, नोंदणी रद्द झालेली. दोन मिनिटांचं, फुकटचं काम. ते आगाऊ रक्कम देण्याआधी करायचं असतं. यंत्रांचे सिरीयल नंबर बिलात लिहून घ्या, आणि हवा तुमच्यासमोर मोजून दिल्याशिवाय निम्म्याच्या वर पैसे सोडू नका.

शिपाईकाकांनी पहारीनं झरोके मोकळे केले. कूलर तोच, पण आता साडेअकरापर्यंत वर्ग चालतो. प्लाय जिन्याखाली रचून ठेवलाय. वकील म्हणाले, फेकू नका.