इन्सब्रुक कार्ड: आई, दोन मुलं आणि आम्ही दोघं

इन्सब्रुक कार्ड, म्हणजे शहरातल्या बस, केबलकार आणि म्युझियमचं एकच तिकीट, जरूर घ्या, पण ते सुरू कधी करायचं हे आकाश बघून ठरवा. आमच्या ऑस्ट्रियाच्या सहलीत पैसे सगळ्यात जास्त वसूल झाले ते या कार्डाचे, आणि त्याचं श्रेय पहिल्या सकाळी स्वच्छ पडलेल्या उन्हाला आहे. सोबत आई, म्हणजे माझ्या सासूबाई होत्या (वय सत्तरच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, उत्साह मात्र नातवंडांपेक्षा जास्त), बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. अशाच घरांसाठी हे लिहिते आहे.

आपल्याकडच्या बहुतेक युरोप टूर इन्सब्रुकला अर्धा दिवस देतात. सोनेरी छतासमोर फोटो, क्रिस्टलचं दुकान, परत बस. या शहरावर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. टिरोल प्रांताची ही राजधानी. 1964 आणि 1976 अशी दोन हिवाळी ऑलिंपिक्स इथे झाली. मुख्य रस्त्यावर उभं राहिलं की घरांच्या मागे सरळ डोंगराची भिंतच उभी दिसते. इथे निदान दोन मुक्काम हवेतच.

कार्ड 24, 48 किंवा 72 तासांचं मिळतं आणि पहिल्यांदा वापरलं की तास मोजायला सुरुवात होते. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना अर्धी किंमत. शहरातल्या बस-ट्राम, साइटसीअर ही पर्यटकांची बस, म्युझियम, किल्ला, प्राणिसंग्रहालय आणि नॉर्डकेटे डोंगरावरच्या केबलकारची जाऊन-येऊन एक फेरी, एवढं सगळं त्यात येतं. प्रत्येक ठिकाणी एकदाच प्रवेश. केबलकारचं वरपर्यंतचं तिकीट वेगळं काढलं तर तेच इतकं महाग पडतं की कार्डाच्या किमतीतला मोठा वाटा तिथेच निघतो. म्हणून ढग असतील तर कार्ड सुरू करू नका. त्या दिवशी जुन्या गावात पायी फिरा, त्याला तिकीट लागत नाही. दक्षिणेकडून येणारा फोन नावाचा उबदार वारा जोरात असला तरी केबलकार बंद ठेवतात, तेव्हा सकाळी निघण्याआधी त्यांच्या साइटवर डोकावून घ्या.

आम्ही सकाळी पहिलं काम डोंगराचंच केलं. गावाच्या मधोमध काँग्रेस स्टेशन आहे, तिथून हुंगरबुर्गबान ही दोराने ओढली जाणारी रेल्वे निघते. 2007 साली सुरू झालेल्या या मार्गाची स्टेशनं वास्तुरचनाकार झाहा हदीद यांनी रचलेली आहेत. पांढऱ्या काचेची, वितळत्या बर्फासारखी छतं. आधी जमिनीखालून, मग इन नदीवरच्या पुलावरून, मग एकदम चढ. चढावर आपण मागे कलंडणार असं वाटतं, पण डबे आपापले तिरके होतात आणि पायाखालची जमीन सपाटच राहते. मुलगा संपूर्ण वेळ दोन डब्यांमधला तो फरक बघत बसला होता. आईंनी दांडी घट्ट पकडली होती, ती हळूच सोडली.

हुंगरबुर्गला उतरून केबलकार. पहिला टप्पा झेग्रुबे, 1,905 मीटर. दुसरा हाफेलेकार. गावातून निघून अर्ध्या तासाच्या आत आपण झाडांच्या वर पोचलेले असतो. झेग्रुबेला बाकं आहेत, हॉटेल आहे, टॉयलेट आहे. ज्येष्ठांनी इथे निवांत बसावं. आई मात्र हाफेलेकारच्या स्टेशनपर्यंत आल्या आणि तिथल्या कठड्याशी बसल्या. आम्ही चौघं पुढे 2,334 मीटरच्या शिखरावर चढलो. रस्ता लहान आहे, पण खडीचा, चपला-सँडल नकोत. एका बाजूला खाली अख्खं इन्सब्रुक, विमानतळाच्या पट्टीसकट. दुसऱ्या बाजूला कार्वेंडेलचे नुसते उघडे राखाडी कडे, माणसाची वस्ती नाही. भर उन्हाळ्यातही वारा बोचरा असतो, स्वेटर-कानटोपी घ्याच.

उतरताना हुंगरबुर्गबानच्या वाटेवरच आल्पेनझू लागतो. इथे वाघ-सिंह शोधू नका, फक्त आल्प्समध्ये राहणारे किंवा पूर्वी राहिलेले प्राणी आहेत. आयबेक्स हे रानबोकड, अस्वल, लांडगे, गिधाडं. आमच्या मुलीचा जीव अडकला तो दाढीवाल्या गिधाडात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी आल्प्समधून संपला होता. पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं 1986 पासून पुन्हा डोंगरात सोडायला लागले आणि त्या कामात या झूचा वाटा मोठा आहे. हाच पक्षी आपल्या हिमालयातही आहे, हे तिला माहीत होतं, तिनेच आजीला सांगितलं. एक सूचना: झू डोंगरउतारावर आहे, आत चढ-उतार भरपूर. गुडघेवाल्यांनी सगळं बघायचा हट्ट धरू नये.

मला कार्डाचा खरा फायदा इथे कळला. तिकीट काढून आत गेलं की आपल्या घरात "पैसे भरलेत, आता पूर्ण बघा" सुरू होतं. कार्ड हातात असलं की आई पाऊण तासात म्हणू शकतात, "तुम्ही या बघून, मी बाहेर थांबते," आणि कुणाच्या जिवाला चुटपुट लागत नाही. तीन पिढ्या बरोबर असताना ही मोकळीक फार मोठी.

दुपारी जुनं गाव. सोनेरी छत, गोल्डेनेस डाखल, हे एका सज्ज्यावरचं छप्पर. तांब्याच्या 2,657 पत्र्यांना सोन्याचा मुलामा दिलेला. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन चौकातले खेळ बघायला इथे बसावा म्हणून 1500 च्या सुमारास बांधलं. ऐकून अपेक्षा वाढते आणि समोर गेल्यावर ते लहान वाटतं. पण सज्ज्यावरची शिल्पं नीट बघा, नाचणारे एकेक जण अंग किती वळवून नाचताहेत ते. शेजारच्या नगर-मनोऱ्याला 133 पायऱ्या, 31 मीटरवर सज्जा. हे दोघं बापलेक वर जाऊन आले. आम्ही खाली आइस्क्रीम खाल्लं.

आता होफकिर्शे. एकच जागा बघायला वेळ असेल तर मी डोंगरानंतर या चर्चचं नाव घेईन. मध्यभागी मॅक्सिमिलियनची भव्य संगमरवरी समाधी आणि दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच असे 28 ब्राँझचे पुतळे, त्याचे नातेवाईक आणि खरे-मानलेले पूर्वज. गंमत म्हणजे समाधी रिकामी आहे. सम्राट 1519 मध्ये वारला आणि त्याला पुरलं व्हिएन्नाजवळच्या वीनर नॉयश्टाटला. हे चर्च त्याच्या नातवाने नंतर बांधून घेतलं. पुतळ्यांत राजा आर्थरही आहे, त्याचं रेखाटन जर्मन चित्रकार अल्ब्रेख्ट ड्यूररचं. पण मी रेंगाळले ती बायकांच्या पुतळ्यांपाशी. घागऱ्यावरचं जरीकाम, कमरेच्या साखळीची कडी न् कडी, वेणीचे पेड, सगळं ब्राँझमध्ये ओतलेलं. आई एका राणीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, कारण पाठीमागची वीणसुद्धा कारागिराने सोडलेली नाही. तासभर गेला तिथे. मुलं आधी कंटाळली, मग पुतळ्यांचे पुढे आलेले हात मेणबत्त्या धरण्यासाठी आहेत हे कळल्यावर कुणाच्या हातात मेणबत्ती बसेल ते मोजत फिरली.

दुसऱ्या दिवशी साइटसीअर बसने आम्ब्रास किल्ला. आर्चड्यूक, म्हणजे ऑस्ट्रियाचा राजपुत्र, दुसरा फर्डिनांड इथे राहायचा. चिलखतांची दालनं मुलाला, पोवळ्याच्या आणि विचित्र वस्तूंच्या खोल्या मुलीला. 43 मीटर लांब स्पॅनिश हॉल आम्हाला. फर्डिनांडने व्यापारी घराण्यातल्या फिलिपीने वेल्सरशी गुपचूप लग्न केलं होतं. तिची न्हाणीघराची खोली, जमिनीत खोल बसवलेल्या हौदासकट, अजून आहे. आईंना किल्ल्यात हीच खोली सर्वांत आवडली.

हिशेब करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. आम्ब्रास आणि होफकिर्शे 19 वर्षांखालच्यांना तसेही मोफत आहेत, त्यामुळे मुलांचं कार्ड केबलकार आणि झूवरच वसूल करावं लागतं. आणि वेलकम कार्डाच्या योजनेत असलेल्या हॉटेलात दोन रात्री राहिलात तर ते कार्ड फुकट मिळतं, त्यात बस-ट्राम येतेच. चेक-इनला विचारून घ्या. आम्ही राहिलो त्या जागेत ते मागितल्याशिवाय कुणी दिलं नाही.

शाकाहारी असाल तर केझश्पेट्सले मागवा. चीजमध्ये घोळवलेल्या मऊ शेवया, वर कुरकुरीत कांदा; एक ताट दोघांना पुरतं. मेनूवर क्न्योडेल सूप दिसलं तर चीजचा गोळा शाकाहारी असतो, पण रस्सा बहुधा गोमांसाचा. श्पेक म्हणजे डुकराचं मांस. एका ठिकाणी वाढप्याने "व्हेज" म्हणत आणलेल्या वाटीत रस्सा मांसाचाच निघाला, तेव्हा रश्शाबद्दल वेगळं विचाराच. पाणी विकत घेऊ नका, नळाला डोंगराच्या झऱ्याचं पाणी येतं. रविवारी दुकानं बंद, मुलांचा खाऊ शनिवारीच भरून ठेवा.

वाटेन्स गावातल्या क्रिस्टलवेल्टन या स्वारोव्स्की क्रिस्टल कंपनीच्या प्रदर्शनाचा प्रवेश आणि तिथली शटल बसही कार्डात आहे. जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो, म्हणून 24 तासांच्या कार्डात ते कोंबू नका. आम्ही त्याऐवजी ग्रासमायर यांच्या घंटांच्या कारखान्याचं म्युझियम निवडलं. एकाच घराण्यात 1599 पासून घंटा ओतण्याचं काम चालू आहे, आणि तिथे घंटा स्वतः वाजवता येतात. ज्यांच्याबरोबर आठ वर्षांचा मुलगा आहे त्यांनी बुर्गग्राबेनवरच्या पर्यटन कार्यालयातून सरळ 48 तासांचं कार्ड घ्यावं आणि दुसऱ्या दिवसाची दुपार या घंटांसाठी ठेवावी.