मूल हवंय? फोलेटसाठी पालेभाजी, साधी गोळी की महागडी मिथाइलफोलेट?

मूल हवं असं ठरलं की घरातून पहिला सल्ला येतो पालेभाजीचा. सल्ला चांगलाच आहे. पण गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. नळी खाली उघडी राहिली तर बाळाच्या पाठीच्या कण्यात व्यंग राहतं, वर उघडी राहिली तर मेंदू नीट घडतच नाही. ही नळी नीट मिटायला फोलेट हे जीवनसत्त्व लागतं, म्हणून ते आधीपासून अंगात साठलेलं हवं.

पालक, मटकी, चवळी, हरभरा यांत ते भरपूर असतं. मात्र ते पाण्यात उतरतं, आचेने नासतं, आणि उरलेल्यातलं साधारण निम्मंच अंगी लागतं. जेवणासोबत घेतलेल्या फोलिक अ‍ॅसिडचं, म्हणजे साध्या गोळीतल्या फोलेटचं, हेच प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास आहे. भाजी रोज खाच, पण गोळीऐवजी नको.

गोळीच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. आधीच्या बाळात असं व्यंग असलेल्या स्त्रियांना रोज ४ मिलीग्रॅम फोलिक अ‍ॅसिड दिल्यावर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं. इतर बहुतेकींना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं: गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत. आधीच्या बाळात व्यंग असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. सरकारी दवाखान्यातली लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून असते. तिच्यातही फोलिक अ‍ॅसिड आहे, पण तोवर नळी केव्हाच मिटलेली असते.

मिथाइलफोलेट म्हणजे शरीर थेट वापरतं ते फोलेटचं रूप. ते 'जीनमुळे तुम्हाला साधी गोळी चालत नाही' असं सांगून विकतात. ज्यांच्यात तो जनुकबदल आहे त्यांनाही साधं फोलिक अ‍ॅसिड वापरता येतं, आणि नळीचं व्यंग टळतं हे सिद्ध झालंय ते फोलिक अ‍ॅसिडवरच. माझ्या मते जास्तीचे पैसे बी-१२ च्या तपासणीवर घाला.

ही तपासणी शाकाहारी घरांत तर हवीच. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांची हानी चालूच राहते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं, की गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. बी-१२ कमी निघालं तर त्याची गोळी किंवा इंजेक्शन सोबत घ्या. रिपोर्ट यायला चार दिवस लागले, तरी त्यासाठी फोलिक अ‍ॅसिड थांबवू नका.