‘डिस्क काढून सेव्ह देतो’ म्हणणाऱ्याने मला कसं गंडवलं

केर काढताना झाडू टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआयच्या वायरीत अडकला आणि आमचा पीएस४, म्हणजे प्लेस्टेशन ४ हा गेम खेळायचा कन्सोल, टेबलावरून खाली आला. आवाज फारसा झाला नाही, म्हणून वाटलं वाचला. बटण दाबलं. बीप वाजला, निळा दिवा लागला, पांढरा झाला, पंखा फिरला, डिस्कही गुरगुरली. टीव्हीवर मात्र ‘सिग्नल नाही’. मागून टॉर्च मारून पाहिलं तर पोर्टातली पातळ जीभ तिरकी झाली होती आणि दोन पिना वर आल्या होत्या.

कन्सोल गेला असता तरी मला एवढं वाटलं नसतं, जुनाच होता. जीव अडकला होता आतल्या शेतीच्या गेममधल्या शेतात. धाकट्या भावाने आणि मी एकाच सोफ्यावर बसून ते शेत उभं केलं होतं. तळ्याकाठचं घर त्याचं, गोठा माझा. तो नोकरीसाठी लांब गेल्यापासून दोघांच्या गुरांना मी एकटीच चारा घालत होते. ऑनलाइन बॅकअपसाठी पीएस प्लस ही पैसे भरून घ्यायची वर्गणी लागते, ती मी बंद केली होती. पेन ड्राइव्हवर सेव्ह, म्हणजे गेम जिथवर आला तिथवरची साठवण, कॉपी करायला पाच मिनिटं लागतात, ती पाच मिनिटं दर रविवारी पुढच्या रविवारवर जात होती.

मग शोधाशोध केली आणि एक जाहिरात दिसली: कन्सोलचा डेटा परत मिळवून देतो, शंभर टक्के खात्री. फोनवर माणूस अगदी नम्र. ‘‘मॅडम, बोर्ड गेलाय तुमचा, आतलं मुख्य सर्किट. पण डेटा बोर्डात कुठे असतो? डिस्कमध्ये असतो. डिस्क काढतो, कॉम्प्युटरला जोडतो, सेव्ह पेन ड्राइव्हवर देतो. दुसऱ्या कन्सोलमध्ये टाका की झालं.’’ लॅपटॉपचं असंच करतात हे मला माहीत होतं, त्यामुळे पटलं. कन्सोल न बघताच बोर्ड गेल्याचं याला कसं कळलं, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. पैसे आगाऊ दिले आणि कुरिअर केलं.

चार दिवसांनी स्क्रीनशॉट आला. हिरवी पट्टी, ९७ टक्के, खाली फोल्डरांची लांबलचक यादी. मी तो लगेच भावाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘‘ताई, यात ‘माय पिक्चर्स’ नावाचं फोल्डर आहे. पीएस४मध्ये ते कुठून आलं?’’ मी म्हटलं, असेल काहीतरी. आशा लागली की माणूस डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा वाचत नाही.

खरी गोष्ट अशी आहे. पीएस४ची आतली डिस्क एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असते आणि ती उघडणारी किल्ली त्याच कन्सोलच्या बोर्डाशी बांधलेली असते. डिस्क कॉम्प्युटरला जोडली तर ती कोरीच समजली जाते, कॉम्प्युटर फॉरमॅट करू का विचारतो. दुसऱ्या पीएस४मध्ये बसवली तर तो आधी ती पुसायलाच निघतो. म्हणजे डिस्क धडधाकट आणि कन्सोल बिघडलेला असेल, तर ‘डेटा रिकव्हरी’ नावाचं वेगळं काम उरतच नाही. तोच कन्सोल दुरुस्त करायचा, शेत आपोआप समोर येतं. डिस्कच मरायला टेकली असेल तर तिची हूबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवतात, पण तीही त्याच कन्सोलमध्ये परत बसवावी लागते. बोर्ड बाजूला ठेवून नुसत्या डिस्कमधून सेव्ह काढून देतो म्हणणारा खोटं बोलतोय.

आणि माझा बोर्ड तर जिवंत होता. पांढरा दिवा टिकतोय, डिस्क फिरतेय, फक्त चित्र नाही, तर बहुतेक वेळा दोष पोर्टात नाहीतर त्यामागच्या एचडीएमआयच्या चिपमध्ये असतो. नुसतं पोर्ट मोडलं असेल तर दुरुस्तीचीही वाट पाहावी लागत नाही. रिमोट प्ले नावाचं ॲप फोनवर आधीपासून जोडलेलं असेल तर कन्सोलचं चित्र वाय-फायवरून फोनवर येतं. तेवढ्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन सेव्ह पेन ड्राइव्हवर उतरवता येतं. माझ्या फोनमध्ये रिमोट प्ले दोन वर्षं होतं. त्याच फोनवरून मी त्या माणसाला पैसे पाठवले.

पार्सल आलं. पेन ड्राइव्हवर अकरा फाइली, ‘सेव्ह एक’, ‘सेव्ह दोन’ अशा नावांच्या, सगळ्या एकाच मिनिटाला बनलेल्या. पीएस४ स्वतः सेव्ह कॉपी करतो तेव्हा ‘पीएस४’ नावाचं फोल्डर बनतं, त्यात ‘सेव्हडेटा’, त्यात खात्याचा सोळा अक्षरी क्रमांक, त्यात गेमच्या क्रमांकाचं फोल्डर. यातलं काहीच नव्हतं. मैत्रिणीच्या कन्सोलला पेन ड्राइव्ह लावला तर त्याला त्यात एकही सेव्ह दिसेना.

पोर्ट मात्र त्याने छान बसवलं होतं, हे कबूल करायला हवं. टीव्हीवर चित्र आलं, आणि पहिलाच प्रश्न होता: भाषा निवडा. कोरा करकरीत कन्सोल. खात्यात शिरले तर ट्रॉफी, म्हणजे गेममधल्या कामगिरीबद्दल मिळणारी पदकं, सगळ्या जागच्या जागी होत्या, कारण त्या सर्व्हरवर असतात. पहिलं पीक काढल्याची तारीखसुद्धा. ट्रॉफी आहे, शेत नाही.

मग स्टोरेज उघडलं. माझी डिस्क १ टीबीची होती. आता आत ५०० जीबीची होती. पाठवण्याआधी मी झाकण उघडून डिस्कवरच्या लेबलचा फोटो काढला नव्हता, त्यामुळे ‘‘मॅडम, हीच होती’’ यावर दाखवायला माझ्याकडे काही नाही. तुम्ही कुणाकडेही कन्सोल द्याल तेव्हा क्षमता आणि सिरीयल नंबर दिसेल असा फोटो काढा आणि त्याला तो आधीच पाठवून ठेवा. काही दुरुस्त करायच्या आधी डिस्कला हात लावणार का, हे लेखी विचारा. निन्टेन्डो स्विच हा कन्सोल वापरणाऱ्यांनो, मेमरी कार्ड काढून घेतलं म्हणून निर्धास्त राहू नका, सेव्ह कार्डावर नसतं, आतल्या मेमरीत असतं. पीएस५च्या गेमचं सेव्ह तर असं एकेकटं पेन ड्राइव्हवर उतरवता येत नाही.

आता स्थिती अशी आहे की किल्ली असलेला बोर्ड माझ्या टेबलावर आहे आणि शेत असलेली डिस्क त्याच्याकडे. तो तिला फॉरमॅट करून विकू शकतो, पण उघडू शकत नाही. परवा रात्री मी त्याला लिहिलं, पैसे राहू देत, जुनी डिस्क तेवढी न पुसता परत पाठवा, कुरिअरचा खर्च मी देते. दोन निळ्या टिका आल्या. सकाळी बघते तर त्याचा फोटो दिसेनासा झाला होता.