सर्वांत मागच्या बोटीवरून: यॉट क्लबच्या सामूहिक सफरींचा अनुभव

यॉट क्लबच्या सामूहिक सफरींत, म्हणजे अनेक शिडांच्या बोटींनी ताफा करून एकत्र केलेल्या प्रवासांत, मी गेले दोन हंगाम सहभागी होत आहे. माझ्याकडे स्वतःची बोट नाही. शिडे चढवणे, सुकाणू धरणे आणि नेहमीच्या गाठी मारणे एवढे प्राथमिक प्रशिक्षण झाल्यावर मी क्लबच्या क्रू-यादीत नाव दिले आणि तेव्हापासून ज्या स्किपरला (बोटीच्या प्रमुखाला) माणूस हवा असेल त्याच्या बोटीवर जात आले. आतापर्यंत पाच सफरी झाल्या, त्यांपैकी तीन एका मुक्कामाच्या आणि दोन त्याहून लांबच्या. कोणता क्लब निवडावा असे विचारणारे बहुतेक जण बोटी किती मोठ्या आहेत आणि मुक्कामाच्या जागा किती सुंदर आहेत याची चौकशी करतात. माझ्या मते पहिली चौकशी निराळी असावी: ताफ्यातल्या सर्वांत हळू बोटीशी हा क्लब कसा वागतो?

शिडाच्या बोटीचा वेग स्किपरच्या उत्साहावर ठरत नाही. पाणी बाजूला सारत चालणाऱ्या जड बुडाच्या बोटीला तिच्या जलरेषेच्या लांबीने, म्हणजे पाण्याच्या पातळीवर मोजलेल्या बोटीच्या लांबीने, एक मर्यादा घातलेली असते. फुटांतल्या त्या लांबीचे वर्गमूळ काढून १.३४ ने गुणले की ती मर्यादा साधारणपणे नॉटमध्ये (तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट) मिळते. म्हणजे २५ फूट जलरेषेची बोट ६.७ नॉटच्या आसपास अडते आणि ३६ फुटांची ८ नॉटपर्यंत जाते. प्रत्यक्षात सरासरी याहून कमीच पडते. तरीही एकीने ५ नॉटने आणि दुसरीने ६.५ नॉटने २० सागरी मैल कापले, तर पहिलीला चार तास लागतात आणि दुसरी जवळजवळ तासभर आधी नांगर टाकून मोकळी होते. ओहोटीच्या वेळी बंदराच्या उथळ तोंडातून आत शिरायचे असेल, तर हा एक तास फार महागात पडू शकतो, कारण ओहोटीचे पाणी सारख्या गतीने उतरत नाही. खलाशी मंडळी वापरतात त्या बारांशांच्या ढोबळ नियमानुसार सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासाला एक हिस्सा, दुसऱ्याला दोन, आणि तिसऱ्या व चौथ्या तासाला तीन-तीन हिस्से पाणी जाते. मधल्या दोनच तासांत निम्मे पाणी उतरलेले असते. म्हणून सफरीचे वेळापत्रक कोणत्या बोटीचा वेग धरून आखले आहे, हे आधी पाहावे.

या कसोटीवर आमचा क्लब बैठकीपुरता निश्चितच उजवा आहे. सफरीच्या आदल्या संध्याकाळी सर्व स्किपर आणि क्रू एकत्र बसतात, टेबलावर नकाशा पसरलेला असतो, आणि वाटेतली वळणे, टाळायचे खडक, भरती-ओहोटीच्या वेळा, अडचण आल्यास शिरता येतील अशी पर्यायी बंदरे आणि परत फिरण्याचा शेवटचा टप्पा या सगळ्यांवर नीट बोलणे होते. वाऱ्याचा अंदाज बोफोर्ट श्रेणीत सांगितला जातो. १८०५ साली फ्रान्सिस बोफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने आखलेली ही श्रेणी आजही तितकीच सोयीची वाटते. ४ म्हणजे ११ ते १६ नॉटचा वारा, जो बहुतेक प्रवासी बोटींना मनापासून मानवतो. ५ म्हणजे १७ ते २१ नॉट, तेव्हा रीफ घेऊन शीड लहान करण्याचा विचार सुरू होतो. आणि ६ म्हणजे २२ ते २७ नॉट. अंदाजात ६ दिसला की आमचा ताफा निघतच नाही, आणि हा नियम मी एकदाही वाकवलेला पाहिला नाही.

याच बैठकीत एक वाक्य दर वेळी उच्चारले जाते आणि नव्या माणसाने ते नीट ऐकावे: प्रत्येक बोटीची आणि तिच्यावरील माणसांची जबाबदारी त्या बोटीच्या स्किपरची आहे, सफरप्रमुखाची नाही. ताफ्यात गेलो म्हणजे कुणीतरी आपली काळजी घेईल, ही समजूत धोक्याची आहे. आयर्लंडमधील कॉर्क येथे १७२० साली स्थापन झालेला वॉटर क्लब, ज्याची परंपरा आजचा रॉयल कॉर्क यॉट क्लब सांगतो, तिथे सभासदांच्या नौका अॅडमिरलच्या इशाऱ्यांवर एखाद्या आरमारासारख्या कवायती करत. आजच्या सामूहिक सफरीत तसा हुकूम चालत नाही, आणि ते योग्यच आहे. माझ्या तिसऱ्या सफरीच्या सकाळी वारा ५ वर पोहोचणार असे कळताच एका स्किपरने, बोटीवर दोन अगदी नवी माणसे असल्यामुळे, धक्का सोडणार नाही असे सांगितले. कुणी त्याला आग्रह केला नाही, कुणी थट्टाही केली नाही; यादीतून त्याच्या बोटीचे नाव खोडले गेले आणि पुढचा विषय सुरू झाला. क्लबविषयी माझा विश्वास त्या क्षणी बसला.

तो दुखावला गेला चौथ्या सफरीत. मी ताफ्यातल्या सर्वांत लहान बोटीवर होते. वारा नेमका समोरून होता, त्यामुळे टॅक घेत नागमोडी जावे लागत होते आणि मोठ्या बोटींशी आमचे अंतर दर तासाला वाढत होते. ठरल्याप्रमाणे दोन-दोन तासांनी व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, हजेरी व्हायची होती. चॅनेल १६ हा हाक मारण्यासाठी आणि संकटकाळासाठी राखलेला असतो, म्हणून हजेरीसाठी वेगळा चॅनेल ठरवलेला होता. पहिल्या हजेरीला आमचा आवाज पोहोचला. दुसऱ्या वेळी आम्हाला पुढच्या बोटी तुटक ऐकू येत होत्या, पण आमचे उत्तर कुणालाच ऐकू जात नव्हते. डोलकाठीच्या टोकावरच्या अँटेनाची जोडणी खाऱ्या हवेने गंजली होती, हे नंतर उघड झाले. स्किपरने हातातला लहान संच काढून पाहिला, पण ५ वॅटचा तो संच कॉकपिटच्या (सुकाणूजवळच्या बसण्याच्या खोलगट जागेच्या) उंचीवरून कितीसा पोहोचणार? बिघाड आमच्या बोटीचा होता, हे मान्य आहे. परंतु हजेरीत एक नाव अनुत्तरित राहिल्यावर सफरप्रमुखाने ‘त्या मागून येत असतील’ असे गृहीत धरून पुढचे नाव पुकारले, हे मला आजही अक्षम्य वाटते. आम्ही पोहोचलो तेव्हा उजेड सरला होता, आडोशाची जागा भरून गेली होती, आणि विजेरीच्या प्रकाशात, अनोळखी तळावर, कडेला नांगर टाकावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी आणि आमच्या स्किपरने ही तक्रार शांतपणे पण स्पष्टपणे मांडली. सफरप्रमुखांनी ती ऐकून घेतली, सबबी सांगितल्या नाहीत, आणि पाचव्या सफरीपासून दोन बदल झाले. हजेरी आता सर्वांत हळू बोटीपासून सुरू होते, आणि एक अनुभवी स्किपर आपली बोट मुद्दाम ताफ्याच्या शेवटी ठेवतो; तिला सगळे पाठराखी बोट म्हणतात. एखादे उत्तर आले नाही तर ती बोट पुढे जात नाही. पाचव्या सफरीत पाठराखी बोट आमच्यापासून अर्ध्या सागरी मैलावर, शिडे थोडी ढिली सोडून, दिवसभर संथ चालत राहिली. तिच्या स्किपरला आपल्या वेगावर पाणी सोडावे लागले असणार, आणि त्याबद्दल मला त्याचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

शिकण्याच्या दृष्टीने या सफरींची बरोबरी कोणताही वर्ग करू शकणार नाही. वर्गात शीड ‘बरोबर’ लावायला शिकवतात. इथे सहा तास तेच शीड बदलत्या वाऱ्यात बरोबर ठेवावे लागते. जिबच्या, म्हणजे पुढच्या शिडाच्या, पुढच्या कडेजवळ दोन्ही बाजूंना लोकरीचे बोटभर धागे चिकटवलेले असतात. सुकाणू माझ्या हाती देताना आमचे स्किपर एवढेच म्हणाले, “शिडाकडे बघू नका, धाग्यांकडे बघा.” दोन्ही धागे मागे सरळ वाहत असले की बोट खुशीत असते. वाऱ्याकडच्या बाजूचा धागा फडफडू लागला, तर बोट वाऱ्याच्या फार जवळ गेलेली असते आणि तिला वाऱ्यापासून किंचित दूर वळवावे लागते. पलीकडचा फडफडला, तर वाऱ्याकडे थोडे वर यावे लागते. पहिला तासभर मी धाग्यांच्या मागे धावत होते. त्यानंतर केव्हातरी धागा हलण्याआधीच गालावरच्या वाऱ्यात झालेला फरक कळू लागला, आणि बोट एका बाजूला कलून, पाण्याचा एकसारखा खळखळाट करत पुढे जात राहिली. यासाठी मी पुन्हा पुन्हा जाते.

शेजारी ओळखीची बोट असली की मार्गाचे नियम सैल होतात, हा मात्र सामूहिक सफरींचा खास दोष आहे. छायाचित्रे काढण्यासाठी दोन बोटी एकमेकींच्या फार जवळ आल्याचे मी दोनदा पाहिले आहे. समुद्रातील टक्कर टाळण्यासाठीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम मैत्री ओळखत नाहीत: दोन शिडांच्या बोटींना वारा वेगवेगळ्या बाजूंनी लागत असेल, तर डावीकडून वारा घेणारीने वाट द्यायची, आणि मागून येऊन पुढे जाणारीने नेहमीच दूर राहायचे. बैठकीत या विषयाला पाच मिनिटे जास्त द्यावीत, अशी माझी सूचना आहे.

मुक्कामाची संध्याकाळ हा सफरीचा सर्वांत आनंदाचा भाग असतो. सर्वांत जड बोट आधी नांगर टाकते. पाणी ४ मीटर, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची १ मीटर आणि भरतीने वाढणारे २ मीटर असे ७ मीटर धरून पाचपट, म्हणजे ३५ मीटर साखळी सोडली जाते आणि इंजिन मागे चालवून नांगर रुतल्याची खात्री केली जाते. मग दोन्ही बगलांना एकेक करून बाकीच्या बोटी येऊन लागतात. मधे फेंडर (बोटी एकमेकींवर घासू नयेत म्हणून लावायच्या गाद्या) सोडलेले असतात, पुढे-मागे सरकू नये म्हणून तिरके दोर बांधलेले असतात, आणि शेजारच्या बोटींच्या डोलकाठ्या एका रेषेत येऊ दिल्या जात नाहीत, कारण लाटेने बोटी डुलल्या तर वरचे आडवे दांडे एकमेकांवर आपटतात. पलीकडच्या बोटीवर जायचे असेल तर मधल्या बोटीच्या कॉकपिटमधून न जाता नाळेकडून जायचे, ही रीत कुणी लिहून दिलेली नाही, पण सगळे पाळतात. झोपण्यापूर्वी हा जुडगा सोडून प्रत्येक बोट आपापल्या नांगरावर जाते. रात्री वारा फिरला तर एकाच नांगरावर पाच बोटींचा भार नको, हे त्यामागचे कारण आहे.

उणिवा दोन आहेत आणि त्या सुधारण्याजोग्या आहेत. पहिली, क्रू आणि बोट यांची जुळणी निघण्याच्या आदल्या दिवशी होते, त्यामुळे अनोळखी बोटीवरचे दोर, रीफची पद्धत, अग्निशामक आणि लाइफ जॅकेट कुठे आहेत हे पाहायला वेळ उरत नाही. माझ्या दुसऱ्या सफरीत मिळालेले फुगणारे जॅकेट १५० न्यूटनचे, म्हणजे खुल्या समुद्राला योग्य होते, पण ते फुगवणारी वायूची कुपी घट्ट बसवलेली नव्हती. तपासले म्हणून कळले. दुसरी, परतीचा दिवस कामाच्या आठवड्याला इतका चिकटून ठेवतात की वाऱ्याने साथ दिली नाही तरी निघण्याचा मोह होतो. लांबच्या सफरीत एक राखीव दिवस ठेवला, तर हा मोह टळेल.

ज्यांना एकांत हवा आहे किंवा स्वतःच्या गतीनेच जायचे आहे, त्यांनी या सफरींच्या वाटेला जाऊ नये. ज्यांनी नुकतेच प्रशिक्षण पूर्ण केले आहे, ज्यांच्याकडे बोट नाही, किंवा बोट आहे पण पहिला लांबचा पल्ला एकट्याने गाठण्याचा धीर होत नाही, त्यांनी अवश्य नाव द्यावे. मात्र आधी एका बैठकीला नुसते जाऊन बसावे आणि सर्वांत हळू बोट कोणती, तिच्यामागे कोण राहणार आहे, हे विचारून पाहावे. पुढच्या सफरीसाठी पाठराख्या बोटीला क्रू हवा आहे, आणि त्या यादीत मी माझे नाव लिहून आले आहे.