एकट्याने शिडाची होडी नेताना: लाइफजॅकेट, हार्नेस आणि टेदर, आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात हे सगळं घेतलं: लाइफजॅकेट, छातीभोवती बांधायचा हार्नेस आणि त्याला होडीशी जोडून ठेवणारा हुकाचा पट्टा, म्हणजे टेदर. आता मे संपत आला. होडी मालवणात वर ओढून झाकली आणि सामान घेऊन फोंडा घाटाने कोल्हापूरला घरी आलो. आठवतंय तोवर लिहून टाकतो.

होडी १८ फुटी, फायबरची. मालवण ते विजयदुर्ग एकट्याने जाऊन यायचं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात नवं शीड होतं. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या एका काकांनी एवढंच विचारलं, "पडलंस तर होडी थांबतली काय?" रात्री हिशेब केला. ताशी ४ सागरी मैलांचा वेग म्हणजे सेकंदाला २ मीटर. पाण्यातून डोकं वर काढेपर्यंत होडी हाताबाहेर, पाच मिनिटांत ६०० मीटर पुढे. शिडाचे पैसे इकडे वळवले.

लाइफजॅकेट १५० न्यूटनचं (हे तरंगवून धरण्याच्या ताकदीचं माप), पाण्यात पडताच आपोआप फुगणारं. पाण्यात विरघळणाऱ्या गोळीवर चालणारं स्वस्त मिळत होतं, पण आपल्याकडच्या दमट हवेत गोळी मऊ पडून ते कपाटातच फुगू शकतं. म्हणून पाण्याच्या दाबावर चालणारं घेतलं. समुद्रावर नेण्याआधी शिरोळला मामांच्या विहिरीत उडी मारून पाहिली. मामा वर दोर धरून उभे. जॅकेट लगेच फुगलं, पण मांड्यांमधून जाणारा पट्टा मी लावला नव्हता, त्यामुळे ते कानांपर्यंत वर सरकलं आणि तोंड पाण्याच्या पातळीला आलं. पट्टा लावून दुसऱ्यांदा तोंडाने फुगवून उतरलो तेव्हा हनुवटी बोटभर वर राहिली. हा पट्टा नडतो म्हणून बरेच जण सोडून देतात. सोडू नका.

जॅकेट फुगवणाऱ्या छोट्या गॅस सिलिंडरवर त्याचं वजन कोरलेलं असतं. दर दोन महिन्यांनी ते गुजरीतल्या ओळखीच्या सराफांच्या काट्यावर ठेवतो. आतापर्यंत घट नाही, म्हणजे गॅस गळलेला नाही.

सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो टेदरसाठी डेकवर बसवलेल्या कड्यांनी. उद्यमनगरात एका ठिकाणी ३१६ स्टीलची (खाऱ्या पाण्यात ३०४ पेक्षा जास्त टिकणारं) कडी करायला सांगितली, पैसेही ३१६ चेच दिले. जानेवारीत बोल्टच्या भोवती चहासारखे तांबूस डाग उतरले. चुंबकाने ३०४ आणि ३१६ ओळखता येत नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते रसायनाचा थेंब टाकून तपासावं लागतं. तपासलं तर ३०४ निघालं. ज्या कड्यावर जीव टांगायचा तिथे ही फसवणूक, याचा राग अजून गेलेला नाही. दुसरीकडून नवी करून घेतली, थेंबाची चाचणी समोर उभं राहून, आणि डेकखाली ५ मिलिमीटरची पट्टी देऊन बसवली.

त्या कड्यांमध्ये नाळेपासून (होडीच्या पुढच्या टोकापासून) मागेपर्यंत, होडीच्या मधोमध, पॉलिएस्टरचा चपटा पट्टा ताणलाय. टेदरचा हुक यातच अडकवायचा. दोर पायाखाली गोल फिरतो, चपटा पट्टा फिरत नाही. नायलॉन भिजलं की सैल पडतं, म्हणून ते टाळलं. टेदरला दोन पट्टे आहेत, १.८ मीटरचा आणि १ मीटरचा.

फेब्रुवारीत देवगडच्या अलीकडे होतो. पहाटे मतलई वाऱ्यावर निघालेलो, अकराला वारा पडला आणि दीडच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा एकदम चढला. शीड आखूड करायला डोलकाठीपाशी गुडघे टेकून दोरी ओढत होतो. लाटेने नाळ उचलली, मी कडेवर आदळलो. छातीवर पट्टा खाडकन ताणला. एक हात कोपरापर्यंत पाण्यात, अंग होडीवर. १ मीटरचा पट्टा अडकवलेला होता. १.८ मीटरचा असता तर कडेबाहेर लटकलो असतो, आणि चालत्या होडीमागे फरफटणारा माणूस श्वास घेणार कसा? तेव्हापासून लांब पट्टा फक्त मागे बसताना, तोही आखडून.

हुक कशात अडकतोय हेही बघा. २०१७ च्या क्लिपर शर्यतीत टेदरचा हुक क्लीटखाली (दोर गुंडाळायच्या डेकवरच्या खुंटीखाली) अडकला, आडवा ताण येऊन उघडला आणि एका खलाशाचा जीव गेला. हे वाचल्यावर मी पुढचं क्लीट काढून दुसरीकडे बसवलं.

तक्रारी आहेत. एप्रिलच्या दुपारी मानेला घामोळं येतं. हुकात मीठ साचून कळ घट्ट होते, दर वेळी गोड्या पाण्याने धुवावीच लागते. डेकवरचा पट्टा उन्हाने फिकट आणि खरखरीत झालाय, ऑक्टोबरात नवा टाकणार. बाकी हार्नेसची शिवण धागा न धागा तशीच आहे. सगळं मिळून ३० हजारांच्या घरात गेलं. नवं शीड पुढच्या वर्षी.